बसलेल्यांची यादी

सोमवार, ता. ३
आज सर्वेक्षणाच्या कचेरीतून आलेलं सामान: छापील फॉर्म साठ, पेनं दोन (त्यातलं एक पहिल्याच रेघेला कोरडं), कार्बन कागद डझनभर, चिमटा लावलेला पुठ्ठा एक, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र एक. हे सगळं फुकट. ओळखपत्रावरच्या फोटोचे तीस माझ्या पदरचे. वहाणा एकशे दहा. जुन्या अजून दोन महिने निघाल्या असत्या, पण खालच्या वस्तीत घातलेल्या वहाणा मी घरात आणणार नाही, म्हणून वेगळा जोड. ही वही दुधाच्या हिशोबाची. मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवा.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. बाहेरचं काम पहिल्यांदाच करते आहे. कचेरीला मॅट्रिक झालेली, सुवाच्य अक्षराची बाई हवी होती. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "घरात शिरून विचारायचं असतं. पुरुष विचारायला गेला की घरं मुकी होतात."

कुठल्या वस्तीत जायचं ते कळल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पांढऱ्यांच्यात? नको जाऊस."
"का?"
"नको म्हटलं ना."

दगड दळून बारीक भुकटी करणारी गिरणी आहे, तिच्या खोल्यांतून हे लोक राहतात. भुकटी काचेच्या कारखान्यात जाते, भांडी घासायच्या पावडरीत जाते. अंगावर कायम पांढरी पूड, म्हणून पांढरे. गावात म्हणतातच, 'पांढऱ्याचं काम, बसून आराम.' लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे.

खरं लिहायचं तर माझंही मन घेत नाही. पण शब्द दिला आहे. देवापुढे बसून ठरवलं, जायचं, विचारायचं, लिहायचं, परत यायचं. जास्त शिवाशिव नको.

बुधवार, ता. ५
पहिला दिवस. पाण्याची बाटली घरची, बसायला सतरंजीचा तुकडा घरचा.

तिथे झाडाचं पानसुद्धा हिरवं नाही. दोरीवरचे कपडे, पत्रे, कुत्री, सगळ्यांवर पीठ चाळल्यासारखं. गिरणीची घरघर इतकी, की बोलणारा तोंडाकडे बघत बोलतो. एक उंच बाई पुढे आली. तिला सगळे लांबडीच म्हणतात, तीही ओ देते. गिरणीत पोती भरते, आज तिची दुपारपाळी होती.

"या, कागदवाल्या बाई. कागद पांढरा, आम्हीही पांढरे. जमेल तुमचं."

तिने चहा टाकला. कपाच्या काठावर पूड दिसत होती. मी म्हटलं, माझा उपास आहे. देवाचं नाव पुढे करून खोटं बोलले. इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

फॉर्मात एकतीस प्रश्न. चौदावा असा: 'कमावत्या वयाची व्यक्ती काम करत नसल्यास कारण — (क) शिक्षण (ख) आजार (ग) काम मिळत नाही (घ) घरी बसून.' सुरुवात लांबडीच्याच घरापासून केली. तिचा नवरा, वय पस्तीस, भिंतीला टेकून उपड्या डब्यावर बसला होता, मांडीवर उशी घेऊन. परकी बाई दारात आली तरी जागचा हलला नाही.

"हे काय करतात?"
"ते बसलेत."
"केव्हापासून?"
"चार महिने झाले."
"आजारी आहेत का?"
"नाही हो, आजारी नाहीत. बसलेत."

(घ) वर खूण केली. शब्दही नेमका छापला होता तोच.

शुक्रवार, ता. ७
चौदा घरं झाली. नऊ पुरुष बसलेले. तिशीतले, चाळिशीतले, एक तर सव्वीस वर्षांचा. बायका गिरणीत जातात, आल्यावर पाणी भरतात, चूल बघतात, आणि हे भिंतीला टेकून, मांडीवर उशी. बोलायचासुद्धा आळस. अर्धं वाक्य बोलतात नि थांबतात, उरलेलं बायकोने पुरं करायचं. दुपारी एक तर गुडघ्यावर कपाळ टेकून झोपला होता. पडायचं तर सरळ आडवं तरी पडावं माणसाने.

माझ्याच्याने राहवलं नाही. लांबडीला म्हटलं, "बसून खाल्लं तर डोंगरसुद्धा सरतो म्हणतात."
ती म्हणाली, "सरलाच की बाई. तो बघा." आणि गिरणीमागची टेकडी दाखवली. अर्धी कापून नेलेली.

जीभ भारी तिखट आहे. चहा पुन्हा पुढे केला. मी नको म्हटल्यावर म्हणते, "तुमच्या देवाला रोजच उपाशी बाई लागते का?"

निघताना तिच्या सासूने भांडी घासायच्या पावडरीची पुडी दिली, गिरणीतली. घेतली. चांगली आहे, पातेली लख्ख निघाली.

सोमवार, ता. १०
अठ्ठावीस घरं. आज लांबडीच्या सासूशी जरा निवांत बोलणं झालं. मागच्या खेपेला तिच्या मुलांची माहिती राहिली होती. म्हातारी गोड आहे, कानाने जरा कमी.

"आजी, मुलं किती?"
"दोन. हा धाकटा. बघताच आहात, बसलाय."
"आणि थोरला?"
"थोरला दोन वर्षं बसला होता. मागच्या थंडीत उठला."

मला खरंच बरं वाटलं. निदान एकाने तरी हातपाय हलवले. मी म्हटलं, "चांगलं झालं हो आजी! देवाला डोळे असतात. आता धाकट्यालाही लवकर उठू दे."

लांबडी भांडं विसळत होती, तिचा हात थांबला. मग म्हातारी म्हणाली, "उठेल. तोही उठेल. कधी ते आपल्या हातात थोडंच असतं?"

"थोरला आता कुठे असतो?"
"टेकडीपलीकडे."

लिहिलं: थोरला मुलगा, स्थलांतरित.

लांबडी वाटेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाई, असं पुन्हा कुणाला बोलू नका."
"कसं?"
"काही नाही. जा तुम्ही, ऊन झालंय."

चांगलं बोललं तरी ह्या लोकांना खुपतं. घरी येऊन आंघोळ केली, माळ ओढली.

गुरुवार, ता. १३
एक्केचाळीस घरं पुरी. काल संध्याकाळी बेरजा केल्या, आज कचेरीत फॉर्म दिले. मुख्य बाईंनी चाळून पाहिले. "एकही खाडाखोड नाही. असं काम पदवीधरांकडून येत नाही हो." खोटं कशाला बोलू, कान गरम झाले. सत्तावीस वर्षांत वरण चांगलं झालं हेसुद्धा कुणी इतकं सरळ म्हटलेलं नाही.

त्यांनी समजावून सांगितलं की ह्या मोजणीवर छातीचे फोटो काढणारी गाडी कुठे जायची ते ठरतं. गाडी एकच, सोबत डॉक्टर. ज्या वस्तीत (ख) जास्त, तिथे आधी जाते. ज्याला डॉक्टर लिहून देईल त्याला औषध मिळतं आणि गिरणीकडून भरपाईही मागता येते.

"तुमच्या वस्तीत (ख) शून्य," त्या म्हणाल्या. "(घ) तेवीस. गाडी दुसरीकडे पाठवू."

मी म्हटलं, धडधाकट लोक आहेत, नुसते आळशी. त्या हसल्या. मीही हसले.

शनिवार, ता. १५
एका फॉर्मावर अंगठा राहिला म्हणून पुन्हा गेले. दुपार होती. तो अंगठा घेतला आणि परतताना लांबडीच्या दारावरून आले. खोलीत भिंतीला गोणपाटाची जाड गादी ठोकलेली, पुढे स्टूल, स्टुलावर दोन उशा. नवरा त्यांच्यावर डोकं टेकून. जमिनीवर अंथरुणाच्या वळकट्या दोनच, सुनेची नि सासूची.

सहज विचारलं, "ह्यांचं अंथरूण?"
"त्यांना कशाला अंथरूण?"
"मग झोपतात कुठे?"
"हे काय, असेच. आडवे केले की घुसमटतात. चार महिने पाठ टेकली नाही त्यांनी."
"सगळेच असे?"
"बसले की असंच. म्हणून तर बसले म्हणतात, बाई."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आणि उठला म्हणजे?"

लांबडीने हातातलं खाली ठेवलं. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, पण मी विचारलं होतं, आजारी आहेत का. ती म्हणाली, "आजार म्हणजे येतो नि जातो. हे आलं की जात नाही. ह्याला आजार कसं म्हणायचं? आणि आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. अख्खं गाव म्हणतं ना, बसून आराम. आम्ही समजलो, जाणून म्हणतात."

कुणीतरी पाणी दिलं, मी प्याले. कुणी दिलं ते पाहिलं नाही. घरी आल्यावर पिशवीतली बाटली भरलेली निघाली.

रविवार, ता. १६
माळ हातात धरली, मणी पुढे सरकेना. देवाला डोळे असतात, असं मी त्या आईला म्हणाले. वर म्हणाले, धाकट्यालाही लवकर.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू काय मुद्दाम केलंस? त्यांनी छापलं 'घरी बसून', ते म्हणाले बसलेत. चूक छापणाऱ्याची."

मग थोड्या वेळाने, चष्मा पुसत, "गुदामात पोती यायची ना तिथली. हमाल सांगायचे. तिथला माणूस पन्नाशी बघत नाही."
"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"
"म्हणून तर जाऊ नको म्हटलं."
"मला सांगितलं का नाहीत?"
"तू कधी विचारलंस?"

तीस वर्षं गुदामात नोकरी केली ह्यांनी. रोज घरी येत, हात धुवत, जेवायला बसत. मी विचारायची, आज आमटी कशी झाली.

दुपारी भांडी राखेने घासली. हे म्हणाले, पावडर संपली का? म्हटलं, नाही.

सोमवार, ता. १७
कचेरीत गेले. मुख्य बाईंनी ऐकून घेतलं, मग दार लोटलं.

"फॉर्म वर गेले, शिक्का पडला. आता खूण बदलता येत नाही."
"तेवीस खुणा आहेत, बाई."
"चूक झाली असं तुम्ही लिहून दिलंत तर तुमचे सगळेच फॉर्म रद्द होतील. नाव यादीतून जाईल, मेहनताना अडकेल. फेरमोजणी झाली तर पुढच्या वर्षी. त्यापेक्षा राहू द्या. पुढच्या वेळी नीट करा."

मी उठत होते तेव्हा त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "वरच्या साहेबांना थेट पत्र घातलंत तर मी काही पाहिलेलं नाही."

बुधवार, ता. १९
पत्र लिहिलं नाही. काल नाही, आज नाही. कारण लिहून ठेवते. मेहनतान्याचं नाही एवढं, लाज वाटते. अख्खी कचेरी म्हणेल, मॅट्रिक बाईला बसला नि आजारी ह्यातला फरक कळला नाही. मुख्य बाई एकदाच चांगलं म्हणाल्या होत्या, तेही जाईल. लांबडीचा नवरा भिंतीला बसून आहे आणि मी माझ्या अब्रूचा विचार करते आहे. हे असंच आहे, खोडत नाही.

गुरुवार, ता. २०
वस्तीत जाऊन लांबडीला सगळं सांगितलं. गिरणीच्या फाटकाबाहेर, तिची पाळी सुटल्यावर.

"म्हणजे तुमच्या कागदावर आम्ही आळशी."
"हो."
"सगळे?"
"तेवीस."
"आणि माझा दीर?"
"स्थलांतरित."
"हे बरंय. आणि सासरे? ते वीस वर्षांपूर्वी उठले. ते कुठल्या खान्यात बसवलेत?"

ती हसायला लागली. हसता हसता खोकायला लागली. हसणं थांबलं तरी खोकला थांबेना, फाटकाचा गज धरून वाकली. मी पाठीवर हात ठेवला. पाठ नुसती फासळ्यांची. पोती भरताना तोंडाला पदराशिवाय काही नसतं, हे माझ्या एकतीस प्रश्नांत कुठेच नव्हतं.

श्वास परत आल्यावर म्हणाली, "लिहा पत्र. अक्षर चांगलं आहे ना म्हणे?"

गिरणीचा मुकादम मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "खुशाल लिहा. खोली कामावरच्या पुरुषाला असते, बसलेल्याला नाही. आजवर आम्ही डोळेझाक केली. नाव कागदावर आलं की खोली खाली."

लांबडी त्याला म्हणाली, "भाऊ, तुझ्याही घरी स्टूल आलंय म्हणे." तो निघून गेला.

शनिवार, ता. २२
ठरलं ते असं, की ज्याला हवं त्याचंच नाव घालायचं. कालपासून लांबडी आणि मी घरोघर फिरलो. छापील प्रश्न घेतलेच नाहीत. आजार हा शब्द काढला की माणसं नाही म्हणतात, मग मी विचारायला लागले, "पाठीशी उशा किती लागतात?" हे कुणालाही सांगता येतं. सांगायला लाजही वाटत नाही. एक उशी म्हणजे ठीक. दोन म्हणजे जिना चढताना धाप. तीन म्हणजे काम सुटत आलं. त्यापुढे उशी पाठीमागून मांडीवर येते, म्हणजे बसला. म्हाताऱ्या बायकांना हे डॉक्टरासारखं पाठ आहे. मी नुसती ओळी आखत गेले.

बसलेल्या तेविसांपैकी सतरा जण नाव घाला म्हणाले. सहा जण खोलीच्या भीतीने नको म्हणाले. त्यांना मी आग्रह केला नाही. मी घरी परत जाऊन माझ्या खोलीत झोपणार, मी कोण आग्रह करणार.

शेवटी लांबडीच्या घरी चहाला बसलो. मी वही मिटत होते.
ती म्हणाली, "सगळ्यांचं विचारलंत. माझं नाही विचारलंत."
"किती?"
"दोन. सासूला सांगू नका."

सोमवार, ता. २४
लांबडीचा नवरा सकाळी गेला. मी पोचले तेव्हा त्याला खाली निजवलं होतं. पहिल्यांदाच त्याची पूर्ण उंची पाहिली. लांबडीपेक्षाही उंच होता.

म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "उठला गं."

हंडे रिकामे होते, ते भरून आणले. चार खेपा. मग माणसं त्याला टेकडीपलीकडे घेऊन गेली. पाळी बुडाली म्हणून लांबडीचा आजचा रोज कापला जाणार, असं मुकादम सांगून गेला. सांगताना त्यालाही धाप लागत होती.

बुधवार, ता. २६
आज पत्र रजिस्टर टपालाने घातलं. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते.

'माननीय साहेबांच्या सेवेशी,

खालच्या वस्तीतील एक्केचाळीस घरांचे फॉर्म मी भरले आहेत. प्रश्न चौदा यात मी तेवीस पुरुषांपुढे (घ) घरी बसून, अशी खूण केली. ती चूक आहे आणि ती सर्वस्वी माझी आहे. या वस्तीत बसला म्हणजे ज्याला श्वास कोंडत असल्याने आडवे होता येत नाही असा माणूस. मी तो आळस समजले, कारण मी तसे समजूनच तेथे गेले होते. एका फॉर्मावर मी थोरला मुलगा स्थलांतरित असे लिहिले आहे. तो वारला आहे.

सोबत नवी यादी जोडली आहे. प्रत्येक नाव त्या माणसाला विचारून घातले आहे. बसलेले सतरा होते, परवापासून सोळा. तीन उशांवरचे नऊ. दोन उशांवरचे चौदा, त्यांपैकी बायका पाच. सहा जणांनी खोली जाण्याच्या भीतीने नाव दिले नाही. यादीतील नावे गिरणीला कळवू नयेत अशी विनंती आहे.

माझे फॉर्म रद्द झाले, नाव यादीतून गेले किंवा मेहनताना मिळाला नाही, तरी माझी तक्रार नाही. फेरमोजणी पुढच्या वर्षी होईल असे समजते. यादीतील बऱ्याच जणांना तितके थांबता येणार नाही. गाडी दुसऱ्या वस्तीत जाणार आहे, तेथून परतताना एक दिवस इकडे थांबली तरी पुरे. लोकांना ओळीत उभे राहता येणार नाही, तेव्हा बसायची सोय मी करीन.

गाडी येणार की नाही आणि आल्यास तिला चढायला पायऱ्या किती आहेत, हे उलट टपाली कळवावे. बसलेल्यांना उचलून चढवावे लागेल. तितकी माणसे मला आधी गोळा करायला हवीत.'